एकच सॉफ्टवेअर, दोन चेअरमन

मी गटसचिव आहे. ज्यांचा गावाशी संबंध सुटलाय त्यांच्यासाठी सांगतो, गावात जी विकास सोसायटी असते, जिथनं शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं, तिचं दप्तर सांभाळणारा माणूस म्हणजे मी. पगार देखरेख संघाकडनं, कधी वेळेवर कधी नाही, काम दोन गावांचं आणि शिव्या दोन्हीकडच्या. एक गाव कॅनॉलच्या खाली, सगळा ऊस. दुसरं कॅनॉलच्या वर, बाजरी, ज्वारी, जमलं तर कांदा, आणि घरटी दोन म्हशी. गावांची खरी नावं टाकत नाही कारण दोन्ही चेअरमन मोबाईल बघतात, नुसतं खालचं गाव आणि वरचं गाव म्हणतो.

तर झालं असं की दोन्ही सोसायट्यांत कम्प्युटर एकाच आठवड्यात आले. खोकी सारखी, प्रिंटर सारखा, अंगठ्याचं मशीन सारखं, सॉफ्टवेअर तेच, शिकवायला आलेला पोरगा तोच आणि सचिव पण तोच, म्हणजे मी. वर्षभरानं वरच्या गावात सगळा कारभार कम्प्युटरवर आणि खालच्या गावात कम्प्युटरवर कव्हर. तालुक्याच्या मीटिंगला साहेब लोक म्हणतात की काही सोसायट्यांत कर्मचाऱ्यांची मानसिकता नाही. आता मला सांगा, माझी मानसिकता कॅनॉलच्या पुलावर बदलते काय? सकाळी खालच्या गावात मी जुनाट आणि दुपारी वरच्या गावात मी आधुनिक? हे डोक्यात बरेच दिवस होतं म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी योजना काय ते थोडक्यात. २९ जून २०२२ ला केंद्राच्या मंत्रिमंडळानं प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तेव्हा आकडा होता ६३,००० सोसायट्या आणि २,५१६ कोटी रुपये, नंतर तो अजून वाढला. नाबार्डकडे, म्हणजे शेती आणि ग्रामीण कर्जाच्या शिखर बँकेकडे, राबवायचं काम. सगळ्या देशात एकच सॉफ्टवेअर, म्हणजे गावच्या सोसायटीची रोजची कीर्द (दिवसाच्या जमा-खर्चाची नोंद) जिल्हा बँकेला आणि वरपर्यंत दिसली पाहिजे असा उद्देश. ऐकायला चांगलं आहे आणि खरं सांगायचं तर आहेच चांगलं. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, तेव्हापासून आम्ही कीर्द, खतावणी (खातेवार वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी), ताळेबंद ह्याच चार खांबांवर उभे आहोत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, एक एक इतकी जड की लहान पोराला उचलायची नाही.

आमच्या लोकांना कम्प्युटर म्हणलं की अंगावर काटा यायचं कारण पण सांगतो. २०१७ ची कर्जमाफी आठवते का? त्यात आमच्याकडनं एकेका खातेदाराची माहिती ६६ कॉलमात मागवली होती. रात्र रात्र जागून भरलेली माहिती, मग ती परत यायची, मग दुरुस्ती, मग परत अपलोड, आणि गावात तोंड कुणी द्यायचं तर सचिवानं, कारण यादीत नाव नाही आलं की माणूस मुंबईला जात नाही, सोसायटीत येतो. २०१९ च्या कर्जमुक्तीला आधारचा अंगठा आला, ते त्यामानानं बरं गेलं. पण आमच्या पिढीच्या सचिवांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय, कम्प्युटरनं चूक केली की ती चूक आपल्या नावावर येते. त्यामुळे नवीन काय आलं की आमचा पहिला प्रश्न हा नसतो की हे वापरायचं कसं. पहिला प्रश्न असतो की चुकलं तर निस्तरायचं कुणी.

खालच्या गावचे चेअरमन आण्णा. अतिशय गोड माणूस, खरंच. गेल्या गेल्या चहा, बसा सेक्रेटरी, पोरांचं शिक्षण कसं चाललंय, कुणाला वाकडं बोलणं नाही. कम्प्युटर आल्यावर त्यांनी नारळ फोडला, हार घातला, पंचक्रोशीतले चार मान्यवर बोलावले, फोटो पेपरात आले. संचालक मंडळाच्या हॉलमध्ये काचेची केबिन करून घेतली, त्यात टेबल, त्यावर कम्प्युटर, त्यावर कव्हर आणि केबिनची किल्ली आण्णांच्या ड्रॉवरमध्ये. "महागाचं आहे हो, जपून वापरा." ह्या एका वाक्यात अर्धा निकाल लागला होता पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिथली क्लार्क पोरगी बी.कॉम, टॅलीचा कोर्स झालेली, बोटं कीबोर्डवर न बघता पळतात. तालुक्याला ट्रेनिंग झालं तेव्हा शिकवणारा हिंदीत भराभर सांगत होता आणि आमच्यातले निम्मे सचिव मान डोलावत होते, ही पोरगी मात्र मधेच हात वर करून विचारायची की व्हाउचर पास झाल्यावर चूक दिसली तर उलटी नोंद करायची का डिलीट करायची. मला वाटलं खालच्या गावाची काळजी मिटली. वरच्या गावाचंच अवघड होतं, कारण तिथं क्लार्क म्हणजे मामा, रिटायरला आलेले, चष्म्याला दोरी, अक्षर मोत्यासारखं आणि माऊस हातात धरला की बाण स्क्रीनच्या बाहेर.

वरच्या गावचे चेअरमन नाना. नाना म्हणजे तोंडाचा फाटका माणूस. गावात दूध संकलन केंद्र चालवतात, पहाटे चारला उठतात, त्यामुळे अकरापर्यंत त्यांचा मूड संपलेला असतो. ट्रेनिंगच्या पोराला पहिल्याच दिवशी असं काही बोलले की तो बिचारा जेवण न करता गेला. कम्प्युटरला नारळ नाही, हार नाही. कम्प्युटर ठेवला कुठं तर मामांच्याच जुन्या टेबलावर, वहीची जागा होती तिथं, आणि वह्या मागच्या कपाटावर चढवल्या. मामा म्हणाले वही लागंल की हो हाताशी. नाना म्हणाले, "लागंल तवा खुर्चीवर चढून काढा, म्हंजे कमी लागंल."

ह्याला कुणी हुकूमशाही म्हणेल. माझी भाची एमबीए करते, तिच्या प्रोजेक्टला तिनं मला एक प्रश्नावली दिली होती, तुमच्या संस्थेतली नेतृत्वशैली कोणती, हुकूमशाही, लोकशाही की मोकळीक देणारी, योग्य त्या चौकटीत खूण करा. तिनं सांगितलं की ही विभागणी कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या १९३९ च्या प्रयोगातनं आलीय, शाळकरी पोरांच्या गटांवर केलेला प्रयोग. मी बराच वेळ पेन धरून बसलो. आण्णा बोलण्यावरनं लोकशाही, नाना बोलण्यावरनं हुकूमशाही, आणि जे घडलं ते बरोबर उलटं. तिला म्हणलं दोघांसाठी दोन फॉर्म दे आणि चौकटीच्या बाहेर लिहायला जागा ठेव.

नानांनी केलं काय ते सांगतो. कम्प्युटर चालू करायचा तर आधी जुनी माहिती भरावी लागते. एक तारीख ठरते, त्या तारखेची तेरीज जुळवायची, प्रत्येक सभासदाचे शेअर्स, कर्ज बाकी, व्याज, सगळं. आणि इथंच खरा घाम निघतो, कारण पन्नास वर्षांच्या खतावण्यांत काय काय दडलेलं असतं हे सचिवाला आणि देवालाच माहीत. एकाच नावाचे तीन सभासद, बापाचं नावही सारखं. मयत सभासद ज्यांचे वारस लावलेच नाहीत. सोसायटीच्या वहीत एक बाकी, बँकेच्या पुस्तकात दुसरी. सभासदांकडनं येणं कमी आणि बँकेला देणं जास्त निघालं की त्याला आमच्यात अनिष्ट तफावत म्हणतात, आणि हे निघालं की चेअरमनचा चेहरा पडतो, कारण पुढच्या इलेक्शनला विरोधक तेच पॅम्प्लेट छापतात.

नाना पहिल्या दिवशी संध्याकाळी आले, खुर्ची ओढून मामांच्या शेजारी बसले आणि म्हणाले माझं खातं आधी टाका. टाकलं. त्यांच्या शेअर्सची रक्कम वहीत एक आणि पावत्या जोडल्या तर तिच्यापेक्षा कमी, फार नाही पण कमी. मामा आणि मी एकमेकांकडे बघतोय, आता काय. नाना म्हणाले, "पावत्या किती भरत्यात?" सांगितलं. "मग तेवढंच टाका. माझं कमी निघालं म्हणल्यावर दुसरा कोण तोंड उघडतोय बघतो." आणि खरंच, पुढं जेव्हा जेव्हा कुणाचं काही कमी-जास्त निघालं आणि माणूस भांडायला आला की मामा शांतपणे सांगायचे, नानांचं पण कमी केलंय, जावा तिकडं. ह्या एका गोष्टीनं आमचं अर्धं काम हलकं केलं.

नंतर वार्षिक सभेत नाना उभे राहिले. भाषण वगैरे काही नाही, दोन वाक्यं. कम्प्युटरात नवीन माहिती भरलीय, पुढच्या मार्चपर्यंत कुणाचं काय चुकलेलं निघालं तर माझ्या दारात यायचं, सेक्रेटरीची आणि मामांची गचांडी धरायची नाही, चूक माझी. मला नोकरीत इतकी वर्षं झाली, कुठल्या चेअरमननं, इन्स्पेक्टरनं की साहेबानं असं चारचौघांत बोललेलं मी ऐकलेलं नव्हतं. सगळे म्हणतात तुम्ही करा आम्ही आहोत पाठीशी, ते पाठीशी म्हणजे किती मागे हे वेळ आल्यावर कळतं. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून मामांचा हात जरा मोकळा झाला हे मी डोळ्यानं बघितलं. आधी ते एक आकडा टाकायचे आणि तीन वेळा वहीशी ताडून बघायचे.

दुसरं म्हणजे नानांना स्वतःला टायपिंग येत नव्हतं आणि ते लपवायचं पण नव्हतं. एका बोटानं अक्षर शोधायचे, "ह्यो ळ कुठं मेलाय" म्हणून ओरडायचे, मामा हसायचे. मामांनी नानांना ळ दाखवला. आता विचार करा, आयुष्यभर चेअरमनसमोर उभं राहून बोललेला माणूस चेअरमनला शिकवतोय. चेअरमनलाच येत नाही म्हणल्यावर मामांना लाज कसली वाटणार. नाना ओरडायचे भरपूर पण मशीनवर, प्रिंटरवर, नेटवर्कवर, हेल्पलाइनच्या माणसावर, मामांवर कधी नाही. हा फरक बाहेरनं कळत नाही, आत बसणाऱ्याला कळतो.

खालच्या गावात त्याच दिवसांत काय चाललेलं? आण्णा पोरीला म्हणाले, "बाळ, घाई करू नकोस. आधी वहीत व्यवस्थित लिहीत जा, मग सवडीनं कम्प्युटरात टाक." प्रेमानं म्हणाले, तिच्या भल्यासाठीच म्हणाले. झालं काय, काम दुप्पट. वही तर भरायचीच, कारण महिन्याच्या मीटिंगला आण्णा म्हणायचे खतावणी आणा, कर्ज मागणीचे अर्ज आले की म्हणायचे कमाल मर्यादा पत्रक, म्हणजे कुणाला किती कर्ज बसतं त्याचा तक्ता, हातानं केलेलं दाखवा, एखादा सभासद बाकी विचारायला आला की स्वतः वही उघडून बोट फिरवायचे. कम्प्युटरमधली माहिती त्यांनी एकदाही मागितली नाही. एकदाही नाही. मग पोरीनं सवड काढायची कशाला? पहिले काही आठवडे ती संध्याकाळी थांबून दिवसाच्या नोंदी टाकायची, किल्ली मागून आणायची, परत नेऊन द्यायची, मग आठवड्याचं एकदम टाकायला लागली, मग महिन्याचं, मग ऑडिटच्या आधी बघू.

मी आण्णांना बोललो होतो. म्हणलं आण्णा, दोन ठिकाणी लिहायला लावलं तर एक ठिकाण मरणार आणि ते वही नसणार. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, म्हणाले बरोबर आहे तुमचं, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. विषय आला पण असेल, ठराव कुठं दिसला नाही.

माझं मत विचाराल तर सगळी मेख इथंच आहे. साहेब माहिती कशात मागतो ते बघा. कागदावर मागत असेल तर कागद जिवंत राहणार, स्क्रीनवर मागत असेल तर स्क्रीन. बाकी नारळ, ट्रेनिंग, सत्कार, परिपत्रक, सगळं त्याच्या नंतर. नानांचा नियम साधा होता, संध्याकाळी दुधाचं काम उरकून यायचे, दिवसाच्या कीर्दीची प्रिंट मागायचे, बघायचे आणि सही करायचे. हातानं लिहिलेल्यावर सही करत नव्हते. सही पाहिजे तर डे-एंड, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये तो दिवस बंद, झाला पाहिजे, डे-एंड करायचा तर रोख शिल्लक जुळली पाहिजे, रोख जुळवायची तर प्रत्येक पावती त्याच वेळी टाकलेली पाहिजे. कुणाला वेगळं सांगायची गरजच राहिली नाही. लाईट नसली की नाना ओट्यावर बसून राहायचे, तंबाखू मळत, लाईटच्या आईचा उद्धार करत, पण थांबायचे.

आता वरच्या साहेब लोकांबद्दल. तालुक्याचा एक व्हॉट्सअप ग्रुप आहे, त्यात रोज रात्री एक यादी यायची, ज्या सोसायटीचा डे-एंड झाला ती हिरवी, नाही झाला ती लाल, आणि खाली ठळक अक्षरात खुलासा सादर करावा. ह्या यादीनं काय झालं असेल? खालचं गाव कायम हिरवं. कारण पोरीनं शोधून काढलं की एकही नोंद न टाकता दिवस उघडायचा आणि बंद करायचा, दोन मिनिटांचं काम, हिरवं. शून्य व्यवहाराचे हिरवेगार दिवस. आणि वरचं गाव अधूनमधून लाल, कारण रोख पाच-पन्नास रुपयानं जुळत नसली की नाना दिवस बंद करू द्यायचे नाहीत, म्हणायचे उद्या सकाळी शोधा, लाल तर लाल, लालनं काय कातडं जातंय. परिणाम असा की वर्षाच्या शेवटी तालुक्यातल्या चांगल्या काम करणाऱ्या सोसायट्यांचा सत्कार झाला त्यात आण्णांना शाल मिळाली आणि नानांना खुलाशाचं पत्र. खुलासा मीच लिहिला. नानांनी सही केली आणि विचारलं शाल किती रुपयाची असती.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली हे तर आमच्या पुस्तकात आहे, फ्रेड डेव्हिस म्हणून एक आहे, १९८९ मध्ये त्यानं मांडलं की माणूस नवीन तंत्र स्वीकारतो ते दोन गोष्टींवर, त्याचा आपल्या कामाला उपयोग आहे असं त्याला वाटतं का आणि ते वापरायला सोपं वाटतं का. मी म्हणलं बरोबर आहे पण तुझ्या डेव्हिसला सांग, आमच्या पोरीला सोपं वाटत होतं, उपयोगी पण वाटत होतं, तरी तिनं सोडलं. आणि मामांना सोपं अजिबात वाटत नव्हतं, अजून वाटत नाही, तरी ते करतात. उपयोग म्हणजे कुणाला उपयोग? पोरीनं टाकलेल्या माहितीचा उपयोग तिच्या वरचा माणूस करेल तेव्हा तिला तो उपयोग वाटणार ना.

खरी परीक्षा मार्चला झाली. पीककर्जाचं ज्यांना माहीत आहे ते समजतील, ३१ मार्चच्या आत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य, एक दिवस उशीर झाला की सवलत गेली. आणि लोकांकडे मार्चला पैसे नसतात, मग नवं-जुनं करायचं, म्हणजे कुणाकडनं तरी आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, नवीन मंजूर झालं की त्यातनं फेडायचं. ह्यात कुणाचे पैसे उशिरा येतात. वहीच्या जमान्यात कुठं कुठं काय व्हायचं तर ३१ तारखेची कीर्द दोन-चार दिवस उघडी ठेवायची आणि उशिरा आलेला मागच्या तारखेत बसवायचा. सगळीकडे नाही, पण असतं हे ऑडिटरला पण ठाऊक असतं. सॉफ्टवेअरमध्ये दिवस एकदा बंद केला की त्यात परत शिरता येत नाही. आणि खरं सांगू का, बऱ्याच चेअरमन लोकांना कम्प्युटर नको असतो त्याचं कारण मराठी कीबोर्ड नाही, नेटवर्क नाही, कर्मचारी तयार नाहीत हे काही नसतं, कारण हे असतं. मागच्या तारखेत माणूस बसवणं हीच तर गावात चेअरमनची वट.

तर वरच्या गावात १ एप्रिलला सकाळी नानांचा सख्खा मेव्हणा पैसे घेऊन आला. मामांनी सांगितलं काल रात्री दिवस बंद झाला. मेव्हणा म्हणाला फोन लावा दाजींना. लावला, मामांनी स्पीकरवर ठेवला, सोसायटीत सात-आठ माणसं होती. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं मशीन घेतंय का कालच्या तारखेत. मामा म्हणाले नाही. "मग मी काय मशीनच्या वरचाय का?" आणि फोन ठेवला. मेव्हण्याचं व्याज गेलं. घरी काय महाभारत झालं असेल ते माहीत नाही, पण नाना दोन-तीन दिवस सोसायटीत नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायला लागले होते एवढं खरं. त्याच्या पुढच्या मार्चला वरच्या गावातली वसुली २९ तारखेलाच बऱ्यापैकी उरकली, कारण सगळ्यांना कळलं होतं की मेव्हण्याचं झालं नाही तर आपलं काय होणार.

खालच्या गावात त्या एप्रिलला काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

नानांना फार चढवून ठेवतोय असं वाटेल म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. थकबाकीदारांची यादी प्रिंट काढून त्यांनी सोसायटीच्या दारावर चिकटवली, मी नको म्हणत होतो. त्यात एका विधवा बाईचं नाव, नवऱ्याचं कर्ज, वारस नोंद अर्धवट. बाई रडत आली. नानांनी यादी काढली पण चुकलं असं काही म्हणाले नाहीत. मामांना संध्याकाळी थांबवून घेतात त्याचे जादा पैसे नाहीत. आणि मयत खात्यांचं काम अजून निम्मं तसंच पडलंय, कारण त्यात भावाभावांची भांडणं आहेत आणि तिथं नानांच्या ओरडण्याचा काही उपयोग होत नाही. ह्याच गावात खत दुकान बघणारे तात्या आहेत, २०१८ पासून युरियाची गोणी अंगठा घेतल्याशिवाय देत नाहीत, मशीन त्यांच्या अंगवळणी पडलेलं, त्यांनी मामांना सुरुवातीला बरीच मदत केली. म्हणजे सगळं नानांमुळे झालं असंही नाही.

आणि आण्णा वाईट माणूस आहेत असं कुणी समजू नये. माझ्या आईच्या आजारपणात पहिला फोन त्यांचा होता. त्यांना खरोखर वाटतं की कर्मचाऱ्यावर जोर टाकू नये. पण जोर टाकायचा नाही म्हणून दोन्ही कामं तिच्याच डोक्यावर ठेवली हे त्यांना दिसत नाही, आणि वही मिटायची म्हणजे कुठंतरी आपला हात आखडता घ्यावा लागेल हे त्यांना चांगलं दिसतं.

आता नवीन प्रकरण सुरू झालंय. सोसायट्यांना कॉमन सर्व्हिस सेंटर (सीएससी) चालवायची परवानगी आहे, म्हणजे पॅन कार्ड, विमा, लाईट बिल, तिकिटं, सगळं सोसायटीतच. नानांच्या डोक्यात ते बसलंय, पण मामा आता रिटायर होतायत आणि त्यांच्याकडनं ते व्हायचं पण नाही. मग नानांनी थेट खालच्या गावच्या पोरीला विचारलं, येतेस का आमच्याकडे. आण्णांना कळलं तर ते नेहमीसारखं म्हणाले जायचं असेल तर जाऊ दे, पोरीचं भलं व्हावं, फक्त ऑडिट होईपर्यंत थांब. पोरगी माझ्यासमोर नानांना भेटायला आली, दोनच गोष्टी विचारल्या. वही आणि कम्प्युटर दोन्हीकडे लिहायचं का? नाना म्हणाले वह्या कपाटावर हाईत, हात पोचत असंल तर लिही. दुसरी गोष्ट पगार. ती दहा म्हणते, नाना सात म्हणतात, वर सीएससीच्या कमिशनमधला वाटा म्हणतात, तो किती ते सांगत नाहीत. तिनं कमिशनचं लिहून मागितलंय. परवा परत बैठक आहे, नाना आत्तापासून मला विचारतायत की साडेआठला तुटेल का.